हिशेबी अभियंता

उंच इमारत दिसली की आपण मान वर करून मजले मोजतो. मजले किती, उंची किती, जगात क्रमांक कितवा, एवढेच विचारतो. मला हे प्रश्न अपुरे वाटतात. भरपूर पैसा आणि भरपूर पोलाद ओतले, तर इमारत उंच होईलच. पण कमी सामानात ती भक्कम उभी करणे आणि आत राहणाऱ्यांना भीती वाटू न देणे, हे खरे कौशल्य आहे. हे काम स्ट्रक्चरल इंजिनिअर, म्हणजेच संरचना अभियंता करतो. आर्किटेक्ट इमारतीचे रूप ठरवतो. संरचना अभियंता तिचा सांगाडा ठरवतो. सांगाडाच चुकला, तर रूप काय कामाचे?

या क्षेत्रातले फार मोठे नाव म्हणजे फजलुर रहमान खान. त्यांचा जन्म १९२९ साली ढाक्याला झाला. वडील गणिताचे शिक्षक होते. १९५२ साली शिष्यवृत्ती मिळवून ते अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात गेले. तिथे अवघ्या तीन वर्षांत त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या आणि डॉक्टरेट मिळवली. १९५७ साली ते मायदेशी, म्हणजे त्या वेळच्या पाकिस्तानात, परतले. कराचीत सरकारी नोकरी मिळाली, पण कार्यालयीन कामातच दिवस जाऊ लागले. १९६० साली ते पुन्हा शिकागोला गेले.

‘शिकले आणि देश सोडून गेले,’ असे कोणी म्हणेल. मला हा दोष पटत नाही. शंभर मजले उभे करण्याची विद्या ज्याच्याजवळ आहे, त्याला फायलींपुढे बसवून ठेवणे यात देशाचा तरी काय फायदा? शिवाय त्यांचे मन मायदेशापासून दूर गेले नव्हते. १९७१ साली बांगलादेशच्या जनतेवर संकट कोसळले, तेव्हा त्यांनी शिकागोत संस्था काढून मदत गोळा केली.

आता त्यांची युक्ती पाहू. फार उंच इमारतीला स्वतःच्या वजनाइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, वाऱ्याचा त्रास असतो. वारा तिला बाजूने ढकलतो. पूर्वी हा धक्का सोसण्यासाठी आत खांब आणि तुळयांचे जाळे भरत. मजले वाढले की पोलाद आणि खर्च भराभर वाढे. खान यांनी मजबूत खांब बाहेरच्या भिंतींत आणले आणि सबंध इमारतीलाच एक पोकळ नळी बनवले. तुम्ही हे घरी करून पाहा. वहीचा एक कागद टेबलावर उभा करा, तो पडेल. त्याचीच नळी करून कड चिकटवा आणि तिच्यावर हलकेच पुस्तक ठेवा. नळी ते पेलेल. कागद तोच, फक्त आकार बदलला!

शिकागोची शंभर मजली जॉन हँकॉक इमारत १९६९ साली पूर्ण झाली. तिच्या चारही बाजूंना पोलादाच्या प्रचंड फुल्या दिसतात. त्या शोभेच्या नाहीत, वाऱ्याशी झुंजणाऱ्या आहेत. न्यूयॉर्कच्या १९३१ सालच्या एम्पायर स्टेट इमारतीला दर चौरस मीटरला सुमारे २०६ किलो पोलाद लागले होते. हँकॉकला सुमारे १४५ किलो पुरले. मजल्यांच्या संख्येपेक्षा मला हा आकडा मोठा वाटतो. पुढे सीअर्स टॉवरसाठी (२००९ पासून तिचे नाव विलिस टॉवर) त्यांनी नऊ नळ्या एकत्र बांधल्या, जशा मुठीत धरलेल्या पेन्सिली. ४४२ मीटरची ही इमारत १९९८ पर्यंत जगात सर्वांत उंच मानली जात होती. तिच्या नऊपैकी दोनच नळ्या अगदी वरपर्यंत जातात.

उंच इमारत वाऱ्यात थोडी डोलतेच. ती पडणार नाही, हे गणिताने कळते. पण आतल्या माणसाला किती डोलणे जाणवेल, हे गणित कसे सांगणार? त्यासाठी खान यांनी शिकागोच्या एका संग्रहालयातील फिरत्या चबुतऱ्यावर माणसांना उभे करून, बसवून, झोपवून पाहिले. मला हा माणूस आवडतो तो यासाठी.

कमी सामानात जास्त काम, हाच नियम त्यांनी एका अगदी बुटक्या बांधकामालाही लावला. आपल्या मोहल्ल्यातले हाजी जेद्दाच्या विमानतळावर उतरतात. तिथल्या हज टर्मिनलवर १९८१ साली २१० तंबूंचे छप्पर उभे राहिले. छप्पर कापडी आहे, बाजू मोकळ्या आहेत. गरम हवा तंबूच्या शेंड्यातून वर निघून जाते आणि खाली हजारो यात्रेकरू सावलीत बसतात. १९८३ साली या टर्मिनलला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. तेव्हा खान हयात नव्हते. १९८२ च्या मार्चमध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याच जेद्दा शहरात त्यांचे निधन झाले होते.