व्यवसाय : खानावळ

मृत्यूच्या दाखल्यासाठी जो फॉर्म भरावा लागतो ना, त्यात एक रकाना असतो. मयत व्यक्तीचा व्यवसाय. गेल्या पावसाळ्यात आमची आजी गेली, तेव्हा हॉस्पिटलच्या काउंटरवर बाबांनी दोन सेकंदही न थांबता तिथे लिहिलं, 'गृहिणी'. जन्मतारखेच्या जागी आधार कार्डावरची १ जानेवारी. (तिच्या पिढीतली निम्मी माणसं १ जानेवारीलाच कशी काय जन्मली, हा एका वेगळ्या कॉलमचा विषय आहे!) बाबा तेव्हा ज्या अवस्थेत होते, त्यात त्यांना काय बोलणार? पण बॉस, गृहिणी? लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत जिनं १८ वर्षं रोज २२ माणसांना दोन वेळ जेवू घातलं, ती?

आधी एक कन्फ्युजन दूर करते. आम्ही नातवंडं तिला 'आई' म्हणायचो आणि आमच्या आईला 'मम्मी'. बाबा आई म्हणायचे म्हणून आम्हीही. गिरणगावातल्या अनेक घरांत हाच घोळ होता. बाहेरच्या सगळ्यांसाठी ती मावशी.

ती पाटण तालुक्यातली. लग्न होऊन मुंबईत आली १९६१ मध्ये. आजोबा साचेखात्यात कामाला. बाळंतपणासाठी गावी गेलेली असताना ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. महिन्याभराच्या बाबांना पदरात गुंडाळून ती अंगणात पळाली आणि मागे घराची भिंत बसली. ही गोष्ट ती अशी सांगायची, की जणू लोकल चुकली होती.

खानावळ म्हणजे काय, हे आपल्या पिढीला सांगायलाच हवं. आज आपण अॅपवर 'होम-स्टाइल थाळी' मागवतो आणि डिलिव्हरीला पाच मिनिटं उशीर झाला की रेटिंग कमी करतो. तेव्हा कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून गिरणीत आलेला माणूस बायकापोरांना गावीच ठेवून यायचा. एकेका खोलीत पंधरा-वीस जण. पहिल्या पाळीवाला उठून गेला, की रात्रपाळीवाला त्याच जागेवर पथारी टाकणार. स्वयंपाक करायचा कुठे? मग हे लोक शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या हिशेबावर जेवायचे. त्यांना म्हणायचे 'मेंबर'. पैसे पगार झाल्यावर. म्हणजे महिनाभराचं धान्य, रॉकेल, मसाला, सगळं बाईनं आधी उधारीवर आणायचं. बऱ्याच जणी सावकाराच्या व्याजात अडकलेल्या असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं ते याच बायकांसाठी. बँकेचं कर्ज बाईच्या स्वतःच्या नावावर, ही तेव्हा केवढी मोठी गोष्ट! आईनंही पुढे असं कर्ज घेतलं आणि अंगठा न उठवता सही केली. सही तेवढी शिकली होती. बाकी अक्षर एकही नाही.

तिचा दिवस साडेतीनला सुरू व्हायचा. सातच्या पाळीचे डबे, मग दुपारची पंगत, मग रात्रीची. दिवसाला शंभरावर भाकऱ्या. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो यायची, तिची भाकरी थापताना तुटायची. 'त्या वर्षी हात हरले,' म्हणायची. सोमवारी कुणाचा उपास, कुणाला माळ घातल्यामुळे मटण चालत नाही, कुणाला वांगं बाधतं, सगळं तिच्या डोक्यात.

आणि हिशेब? तिथे तर मी फिदाच आहे. लाल कापडी पुठ्ठ्याच्या वहीत तिनं प्रत्येक मेंबरला एक खूण दिली होती. भजनी मंडळात पेटी वाजवणाऱ्याला पेटी. चष्मेवाल्याला दोन गोल. एकाला छत्री, एकाला मांजर. एका जेवणाला एक उभी रेघ, चार झाल्या की पाचवी आडवी. पैसे मिळाले की अख्ख्या पानावर मोठी फुली. मम्मी अकाउंट्समध्ये नोकरीला होती. सासूशी तिचं स्वयंपाकघरावरून आयुष्यभर वाजलं (आईनं पोळपाट शेवटपर्यंत सोडला नाही!), पण या वहीत एक चूक सापडली नाही, हे ती आजही मान्य करते.

मग १८ जानेवारी १९८२. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. साठच्या वर गिरण्या, अडीच लाखांच्या आसपास कामगार. हे आपण कुठे ना कुठे वाचलेलं असतं. २०१० मध्ये आलेला 'लालबाग परळ'सुद्धा पाहिलेला असतो. (आईला दाखवला होता. इंटरव्हलच्या आधीच घोरायला लागली.) पण पगार बंद झाल्यावर या लाखो माणसांनी जेवलं काय, हा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी २००४ च्या त्यांच्या पुस्तकात गिरणगावातल्या माणसांना बोलतं केलं, त्यासारखे अपवाद थोडे.

आमच्या वहीत त्याचं उत्तर आहे. जानेवारीनंतर रेघा चालूच आहेत. फुल्या नाहीत. फेब्रुवारी, मार्च, पाडवा गेला, पावसाळा आला. छत्री, पेटी, मांजर, सगळ्यांच्या पुढे रेघाच रेघा. आजोबाही संपावर, म्हणजे घरात एक पै येत नव्हती. आधी पाटल्या गहाण गेल्या, मग बोरमाळ. पाटल्या पाच वर्षांनी सुटल्या. बोरमाळ सुटली नाही. गणपतीला मेंबर गावाला गेले ते बहुतेक परत आलेच नाहीत, आणि तिथे वही संपते. संप मात्र अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही.

कॉलेजात असताना, मास कॉमच्या प्रोजेक्टसाठी, मी तिला जाम गंभीर चेहऱ्यानं विचारलं होतं, की तू त्यांना नाही का म्हणाली नाहीस? मला क्रांती वगैरे ऐकायची होती. ती म्हणाली, 'नाय म्हनायचं तर बावीस येळा म्हनावं लागलं असतं. कोन म्हनतंय?'

आजोबांना पुन्हा काम मिळालं नाही. ते गावाला गेले आणि १९९४ मध्ये तिथेच वारले. ती इथेच राहिली. मसाला गल्लीतून मिरच्या आणून डंकावर कुटून मसाला विकला, बँकांत डबे दिले, बाबांना बी.कॉम. केलं. पुढे गिरण्यांच्या आवारात काचेची ऑफिसं आली, तेव्हा २००६ पासून चार-पाच वर्षं तिचे डबे तिथेही जात होते. ज्या गेटमधून आजोबा भोंग्यावर आत जायचे, त्याच गेटवर सिक्युरिटीवाला तिच्या पिशवीत डोकावायचा. लोअर परळला नोकरी करणाऱ्यांनो, तुमच्या कुणा सीनिअरनं ती मुगाची आमटी खाल्लेली असू शकते.

दहाव्याला कराडकडचे एक आजोबा आले. वय अठ्ठ्याहत्तर, एसटीनं एकटे. नाव सांगूनही बाबांना ओळख पटेना. शेवटी ते म्हणाले, 'वही हाय का मावशीची? त्यात मांजर बघा. मी वाटीभर दूध मागून घ्यायचो.' आम्ही वही काढली. ते मांजराच्या पानावर आले, चष्मा वर करून रेघा मोजायला लागले. मध्येच चुकले, पुन्हा पहिल्यापासून. चारशे सव्वीस. मग खिशातून पाकीट काढलं. बाबा नको नको म्हणत होते, ते ऐकत नव्हते. जेवणाचा तेव्हाचा दर दोघांनाही आठवत नव्हता, त्यामुळे भांडण आणखीच वाढलं. शेवटी मम्मीनं पैसे घेतले, सरळ दोन हजार रुपये, आणि पावती म्हणून पेन आणून त्यांच्याच हातात दिलं. त्या पानावर फुली त्यांनीच मारली. हात थरथरत होता, त्यामुळे जरा तिरकीच आहे.

बाबांना ते अजिबात आवडलेलं नाही. वही ते आता कपाटात कुलपात ठेवतात. अजून एकवीस खुणा आहेत.