यशदभस्म आणि चालणारे जस्त

गेल्या पावसाळ्यात तळवडे येथील माझ्या चिकित्सालयात एका औषध कंपनीचे प्रतिनिधी एक गुळगुळीत पत्रक ठेवून गेले. त्यांच्या यशदभस्माचे कण म्हणजे ‘नॅनो रोबो’ असून ते स्वतःच्या शक्तीने चालत मधुमेहाच्या मुळापर्यंत पोहोचतात, असा त्यात मजकूर होता. मी ते बाजूला टाकले. दोन महिन्यांनी येथील एका कारखान्यात यंत्रावर काम करणारा रुग्ण तेच पत्रक घेऊन आला. त्यावर विसंबून त्याने मधुमेहाच्या चालू गोळ्या बंद केल्या होत्या आणि उपाशीपोटी रक्तशर्करा २८० वर गेली होती. त्याला त्याच दिवशी त्याच्या डॉक्टरांकडे परत पाठविले, आणि हा विषय मुळातून वाचणे मला भाग पडले.

अशी यंत्रे अस्तित्वात आहेत, हे प्रथम मान्य केले पाहिजे. २००४ साली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्य विद्यापीठात आयुष्मान सेन, थॉमस मॅलूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी अर्धी प्लॅटिनमची, अर्धी सोन्याची अशी दोन मायक्रॉन लांबीची कांडी तयार केली. जखमा धुण्यासाठी वापरतात ते हायड्रोजन पेरॉक्साइड हे तिचे इंधन. प्लॅटिनमच्या टोकाशी ते इलेक्ट्रॉन देते, सोन्याच्या टोकाशी घेते. या देवघेवीने कांडीलगतचा द्रव मागे सरकतो आणि कांडी प्लॅटिनमचे टोक पुढे करून धावते. वेग सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या दहापटीपर्यंत. इंधन संपताच धाव तत्क्षणी थांबते, कारण इतक्या सूक्ष्म वस्तूला द्रवात पुढे घसरत जाणे ठाऊकच नसते.

पेरॉक्साइड पोटात देता येत नाही. म्हणून २०१५ मध्ये सॅन डिएगो येथील जोसेफ वांग यांच्या गटाने जठरातील आम्लालाच इंधन केले. सुमारे वीस मायक्रॉन लांबीच्या नळीत त्यांनी जस्त भरले. आम्लात जस्त विरघळते, हायड्रोजनचे बुडबुडे मागून सुटतात, नळी पुढे रेटली जाते आणि काही मिनिटांत जस्त संपते. २०१७ मध्ये याच पद्धतीने मॅग्नेशियमच्या कणांवरून क्लॅरिथ्रोमायसिन जठरात नेण्यात आले. दोन्ही प्रयोग उंदरांवरचे आहेत.

‘जस्त त्यांचेही, जस्त आमचेही’ एवढ्याच साम्यावर ते पत्रक उभे आहे. आय.आय.टी. मुंबईचे प्रा. जयेश बेल्लारे व सहकारी यांनी २००९ साली यशदभस्माचे परीक्षण प्रसिद्ध केले. त्यात त्यांना जस्तऑक्साइडचे, ऑक्सिजन किंचित उणा असलेले, नॅनो आकाराचे कण आढळले. कण सूक्ष्म आहेत, ही आपल्याला आनंदाचीच गोष्ट. परंतु ज्या बळावर वांग यांची नळी चालते, ते बळ आपण जारण-मारणातच खर्च करून टाकतो. धातुरूप जस्त आम्लात हायड्रोजन सोडते; जस्तऑक्साइड विरघळताना केवळ पाणी होते. राखेवर भाकरी भाजत नाही.

आणि आपल्या शास्त्राला हेच अभिप्रेत आहे! मित्रपंचकासह तापविल्यावरही धातू पुन्हा प्रकट होऊ नये, ही अपुनर्भव परीक्षा; चांदीसह तापविल्यावर चांदीचे वजन वाढू नये, ही निरुत्थ परीक्षा. जठरात हायड्रोजन सोडून धावणारे भस्म कोणी खरोखरच बनविले, तर ते अपक्व म्हणून परत करावे लागेल. (विरल हायड्रोक्लोरिक आम्लात चिमूटभर भस्म टाकून पाहण्यास हरकत नाही, मात्र बुडबुडे आले म्हणजे धातूच उरला असे लगेच ठरवू नये, कार्बोनेट असले तरी ते येतात.)

काही वैद्यमित्र म्हणतात, काळाची भाषा बोलावी लागते; तळवड्याच्या आयटी पार्कमधील तरुण ‘नॅनो’ ऐकून तरी आपल्याकडे येतो. मला हे पटत नाही. तो तरुण घरी जाऊन वाचतो, आणि आपल्याकडे खरोखर असलेल्या मुद्द्यांवरही त्याचा विश्वास उरत नाही. यंत्रावरचा कामगार मात्र छापील मजकूर खरा मानतो. शिवाय मधुमेह हा १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याच्या परिशिष्टातील रोग आहे, याची औषधी दुकानदारांनीही आठवण ठेवावी; पत्रक त्यांच्याच काउंटरवरून वाटले जाते. आधुनिकच व्हायचे असेल तर फार्मसीचालकांनी वेष्टनावर पुटांची संख्या, त्या घाण्यातील कणांचा मोजलेला आकार आणि शिशाचे प्रमाण छापावे. दोन रुपये महाग पडले तरी असे भस्म मी घेईन.

त्या कंपनीला पत्र लिहून मी कणांच्या परीक्षणाचा अहवाल मागितला आहे. उत्तर आलेले नाही. प्रतिनिधी मात्र मागील आठवड्यात नवीन पत्रक घेऊन येऊन गेले. या वेळी सुवर्णभस्माचे.