स्टेंट रोबोटने की हाताने? पुण्या-मुंबईची वाट धरण्याआधी

अँजिओग्राफीत ब्लॉकेज निघाले की घरात दोन दिवस फोन थांबत नाहीत. कोणीतरी पाहुणे मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. त्यात डॉक्टर काचेआड बसलेले असतात, हातात जॉयस्टिक, आणि रुग्णाजवळ यंत्राचा हात. मग प्रश्न येतो: "डॉक्टर, मिरजेत उरकण्यापेक्षा महिनाभर थांबून, उसाचं बिल आलं की मोठ्या शहरात रोबोटनं करून घेऊ का?" मी स्वतः स्टेंट बसवत नाही. मी जनरल प्रॅक्टिशनर आहे. रुग्ण मी पाठवतो आणि परत आल्यावर वर्षानुवर्षं मीच बघतो. म्हणून या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी एक घोळ दूर करू. जानेवारी 2025 मध्ये गुरुग्राममधून 286 किलोमीटरवरच्या जयपूरमधल्या रुग्णावर रोबोटने हृदयशस्त्रक्रिया झाल्याची बातमी तुम्ही वाचली असेल. ती बायपासच्या प्रकारातली होती. स्टेंटचा रोबोट वेगळा. त्यातही मनगटात किंवा जांघेत सुई घालणं आणि मुख्य नळी हृदयाच्या धमनीच्या तोंडाशी नेणं ही कामं साधारणपणे डॉक्टर हातानेच करतात. पुढची बारीक तार, फुगा आणि स्टेंट यंत्रातून सरकवले जातात. ते किती सरकवायचे, कुठे थांबायचे, कोणत्या मापाचा स्टेंट घ्यायचा, हे माणूसच ठरवतो. यंत्र स्वतःहून काही करत नाही.

मग फायदा कोणाला? मुख्यतः डॉक्टरांना. कॅथलॅबमध्ये क्ष-किरण सतत चालू-बंद होत असतात. शिशाचा जड एप्रन घालून वर्षानुवर्षं उभं राहिल्याने मान-कंबर जाते, ती वेगळीच. अमेरिकेत या यंत्राला 2012 मध्ये मंजुरी मिळाली ती 164 रुग्णांच्या अभ्यासावर. त्यात डॉक्टरांना लागणारं रेडिएशन सुमारे 95 टक्क्यांनी कमी झालं, आणि 97.6 टक्के रुग्णांत काम नीट पार पडलं. आकडा चांगलाच आहे. पण हाताने केलेल्या नियोजित अँजिओप्लास्टीतही यश याच घरात असतं. यंत्र मिलिमीटरच्या हिशोबाने सरकतं, त्यामुळे लांबीचं माप अचूक मिळतं, हे मान्य. तरीही रोबोटमुळे रुग्ण जास्त जगतात किंवा पुढचे अटॅक कमी येतात, असं दाखवणारा मोठा तुलनात्मक अभ्यास अजून झालेला नाही. अवघड ब्लॉकेजवरच्या एका अभ्यासात 108 पैकी 20 वेळा थोडी तरी हाताची मदत घ्यावी लागली किंवा काम हातानेच पुरं करावं लागलं. म्हणजे यंत्र असो वा नसो, हात तयार असलेला डॉक्टर लागतोच.

आपल्या देशाचं नाव यात मानाने घेतलं जातं. डिसेंबर 2018 मध्ये डॉ. तेजस पटेल यांनी गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसून, सुमारे 32 किलोमीटरवर अहमदाबादच्या कॅथलॅबमध्ये असलेल्या पाच रुग्णांना स्टेंट बसवले. तेव्हा वाटलं, आता जत-आटपाडीला यंत्र ठेवायचं आणि डॉक्टरांनी पुण्यात बसायचं. पण रुग्णाशेजारी सुई घालणारी आणि गुंतागुंत झाली तर सांभाळणारी पूर्ण टीम तिथेही लागली होतीच. पुढे 2019 मध्ये ती कंपनी सीमेन्स हेल्थिनीअर्सने 1.1 अब्ज डॉलरला विकत घेतली आणि 2023 मध्ये हृदयाच्या रोबोटचा हा धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. दुसऱ्या कंपन्यांचे प्रयत्न चालू आहेत, पण एवढा पैसा ओतणाऱ्याने हात आखडता घेतला, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आता तुमच्या घरातल्या रुग्णाचं. छातीत कळ येऊन ईसीजीत मोठा अटॅक दिसत असेल, तर रोबोटचा विषयच काढू नका. निदानापासून दोन तासांच्या आत फुगा पोहोचणार असेल तर थेट कॅथलॅब गाठायची. सातारा, कराड, सांगली, मिरज इथे ती सोय आहे. पाटणच्या वरच्या खोऱ्यातून किंवा जतच्या टोकाकडून तेवढ्या वेळात पोहोचणं जमणार नसेल, तर जवळच्या रुग्णालयात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी घ्यायचं आणि मग पुढे निघायचं. ते कोणाला द्यायचं नाही, हे तिथले डॉक्टर बघतात. या वेळी पुण्याचा हट्ट धरला तर हृदयाचा स्नायू वाटेतच मरतो.

दुखणं चालताना-चढताना येणारं आणि स्थिर असेल, तर विचाराला वेळ आहे. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'इस्किमिया' या पाच हजारांवर रुग्णांच्या अभ्यासात, अशा बहुतेक रुग्णांत आधी औषधं नीट घेणं आणि लगेच स्टेंट किंवा बायपास करणं यात मृत्यूच्या बाबतीत फरक पडला नाही. डाव्या मुख्य धमनीचं ब्लॉकेज किंवा हृदयाचं पंपिंग खूप कमी झालेले रुग्ण त्यात नव्हते. तेव्हा रोबोट की हात याच्या आधी "स्टेंट आत्ता हवाच का?" हे विचारा. मनगटातून करणार का, हेही विचारा. त्यात रक्तस्राव कमी होतो. ब्लॉकेज गुंतागुंतीचं असेल तर धमनीच्या आतून चित्र घेणारी तपासणी, म्हणजे आयव्हस किंवा ओसीटी, होणार का ते विचारा. 2023 च्या एका अभ्यासात अशा रुग्णांत पुढच्या अडचणींचं प्रमाण या तपासणीमुळे 12.3 वरून 7.7 टक्क्यांवर आलं. जादा पैसे घालायचेच असतील तर मी ते इथे घालायला सांगेन. आणि डॉक्टर वर्षाला अशा किती केसेस करतात, हे विचारायला लाजू नका.

खर्चाचं म्हणाल तर औषध लावलेल्या स्टेंटची किंमत सरकारने 2017 मध्ये 29,600 रुपयांवर बांधली. ती दरवर्षी बदलते, 2024 मध्ये 38 हजारांच्या आसपास होती. बिलात स्टेंटचं नाव आणि किंमत वेगळी दाखवावी लागते, ती बघून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. त्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राकडे रेशनकार्ड आणि आधार घेऊन दाखल होतानाच जा.

घरी आल्यावर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या चालू होतील. दात काढायचा असो की गावची जत्रा, हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यातली एकही बंद करू नका. त्या बंद झाल्या तर रोबोटने बसवलेला स्टेंटही गुठळीने बंद पडू शकतो.