डोंगर विकत कशाला आणायचे?

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर इंच-सव्वा इंचाचे रंगवलेले सैनिक मांडायचे, टेपने अंतर मोजून ते हलवायचे आणि कोणाची गोळी कोणाला लागली ते फासे टाकून ठरवायचं. बुद्धिबळ आणि दिवाळीचा किल्ला यांचं लग्न लावलं तर जे कार्टं जन्माला येईल ते. सैनिक सोडून टेबलावर जे जे असतं, म्हणजे डोंगर, झाडी, घरं, नद्या, बांध, त्या सगळ्याला टेरेन म्हणतात. आज मला भांडायचंय ते या टेरेनवरून.

आपल्याकडे हा खेळ खेळणाऱ्या मंडळींत एक रडगाणं कायम चालू असतं. "सैनिक एक वेळ जमवू रे, पण टेरेनचं काय? बाहेरून मागवायचं तर किडनी विकावी लागेल." आणि हे कोण म्हणतंय? ज्याचा पगार माझ्याएवढाच आहे तो. बरं, म्हणून थांबत नाहीत. इंग्लंडहून प्लॅस्टिकचे गॉथिक भग्नावशेष मागवतात, वर कस्टम्स भरतात. (खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेलं, २०२३ साली ७० वर. तेव्हा पडक्या चर्चची अर्धी भिंत पुण्यात येईपर्यंत किती सोन्याची होते याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.) मग त्या टेबलाचे फोटो काढतात. ते फोटो बघून इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेलं एखादं पोरगं शनिवारी उत्साहाने खेळ बघायला येतं, टेबलाकडे बघतं, किंमत विचारतं आणि परत कधी दिसत नाही. माझा राग आहे तो यावर. खेळ महाग नाहीये, आपण तो महाग करून ठेवलाय.

मुळात या खेळाचा इतिहासच सांगतो की भारी टेरेन म्हणजे खेळाच्या गळ्यातली धोंड. १८१२ साली प्रशियात रायस्विट्झ नावाच्या गृहस्थाने राजा फ्रीडरिश विल्हेल्म तिसरा याला युद्धखेळाचं एक खास टेबल नजर केलं. आधी हा माणूस वाळूवर खेळ मांडायचा, पण राजाला वाळू कशी देणार? म्हणून प्लास्टरचे रंगवलेले चौकोनी तुकडे केले, हवे तसे जुळवून भूप्रदेश तयार करायचा. आजच्या भाषेत मॉड्युलर टेरेन. राजा खूश. पण खेळ पसरला का? छे. तो पसरला १८२४ नंतर, जेव्हा याच गृहस्थाच्या तोफखान्यात अधिकारी असलेल्या मुलाने प्लास्टर-बिस्टर बाजूला ठेवलं आणि १:८००० प्रमाणाच्या कागदी नकाशावर खेळ आणला. मग तो प्रशियाच्या रेजिमेंटांमध्ये गेला. बापाचं टेबल राहिलं राजवाड्यात.

पुढे १९१३ साली एच. जी. वेल्सने 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. होय, तोच टाइम मशीनवाला. त्याचं रणांगण कशाचं होतं? मुलांचे लाकडी ठोकळे, फळ्या, पुठ्ठ्याची घरं आणि फळीला भोकं पाडून त्यात खोचलेल्या बागेतल्या डहाळ्या. आणि ज्या गेम्स वर्कशॉपच्या नावाने आपली मंडळी पाकीट उघडतात, त्यांच्याच मासिकात १९८७च्या सुमारास डिओडरंटच्या रिकाम्या डबीपासून हवेत तरंगणारं चिलखती वाहन कसं करायचं हे छापून आलं होतं. १९९६ साली तर त्यांनी घरच्या घरी टेरेन करायला शिकवणारं अख्खं पुस्तक काढलं. म्हणजे वाडवडील सगळे जुगाडू, आणि आपण नवश्रीमंत जावई.

आता मुद्द्याचं. टेरेन ही सजावट नाही, टेरेन हा नियमांचा भाग आहे. रिकाम्या टेबलावर खेळून बघा. ज्याच्या तोफांचा पल्ला जास्त तो जिंकतो, बाकी सगळं फासे टाकण्याचं नाटक. टेरेनला खेळ तीनच प्रश्न विचारतो. यातून पलीकडचं दिसतं का? यातून चालता येतं का? यामागे लपलं तर वाचतो का? या तीन प्रश्नांना उपडं घातलेलं पातेलं आणि त्यावर टाकलेली जुनी चादर जे उत्तर देते तेच उत्तर दहा हजारांची टेकडी देते. सॉफ्टवेअरवाल्यांना वेगळं सांगायला नको: इंटरफेस तोच असेल तर आतलं इम्प्लिमेंटेशन कसलंही चालतं.

उदाहरण म्हणून आपल्या घरचीच लढाई घेऊ. २३ सप्टेंबर १८०३, असई, आजचा जालना जिल्हा. एका बाजूला आर्थर वेलस्ली (पुढचा ड्यूक ऑफ वेलिंग्टन), दुसरीकडे शिंदे आणि नागपूरकर भोसले. इंग्रज वॉरगेमर ही लढाई आवडीने मांडतात, आपण मांडत नाही, हा वेगळा विषय. कैलना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात मराठ्यांचं सैन्य उभं होतं. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं की इथे उतार नाही. त्याला दिसलं की नदीच्या दोन्ही काठांवर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर आहेत. दोन गावं अशी बसलेली असताना लोक ये-जा करत नसतील हे शक्यच नाही, म्हणजे उतार असणारच, असा तर्क त्याने केला आणि तो बरोबर निघाला. अख्खी लढाई फिरली ती दोन नद्या आणि दोन खेड्यांवर. आता मला सांगा, ही लढाई मांडायला गॉथिक चर्चचा उपयोग काय? कुठली परदेशी कंपनी तुम्हाला मराठवाड्यातलं खेडं विकणार आहे?

आणि गंमत म्हणजे ते खेडं करायला सगळ्यात सोपं. युरोपातलं गवती उतरत्या छपराचं घर करताना घाम फुटतो. आपलं धाब्याचं घर म्हणजे शुद्ध ठोकळा! सपाट माळवद, मातीच्या भिंती, एक दार, एखादा झरोका. खोक्याचा पुठ्ठा कापा, फेविकॉलने चिकटवा, दार साडेतीन सेंटिमीटर उंच ठेवा (२८ मिमीच्या शिपायाला डोकं न आपटता जाता आलं पाहिजे), वरून वॉल पुट्टी बोटाने फासा. बोटानेच. ब्रशने लावली तर फ्लॅटची भिंत दिसते, बोटाने लावली तर सारवलेली. कडांना चार-दोन दगड दाबा, अगरबत्तीच्या काड्यांची टोकं भिंतीतून वाशांसारखी बाहेर काढा, झालं घर. एका संध्याकाळी सहा होतात.

रंगासाठी छोट्या परदेशी बाटल्या आणू नका. हार्डवेअरच्या दुकानात भिंतीच्या रंगात मिसळायचे स्टेनर मिळतात. यलो ऑक्साइड, बर्न्ट सिएना आणि काळा, एवढे तीन घ्या आणि पांढऱ्या इमल्शनचा छोटा डबा. यातून मराठवाड्याची सगळी माती निघते. आधी गडद रंग द्या, वाळला की फिक्या रंगात ब्रश बुडवा, तो फडक्याला जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसा आणि वरवर फिरवा. रंग फक्त उंचवट्यांवर बसतो, खाचा गडद राहतात. याला ड्रायब्रशिंग म्हणतात आणि फोटोतल्या त्या 'प्रोफेशनल' लुकचं ऐंशी टक्के रहस्य एवढंच आहे. उरलेलं वीस टक्के म्हणजे टेबलावरच्या प्रत्येक वस्तूला तेच तीन रंग. डोंगर, घर, शिपायाच्या पायाखालची चकती, सगळं एकाच मातीचं दिसलं पाहिजे. पाच दुकानांतून आणलेलं महागडं टेरेन एकत्र मांडल्यावर जत्रा वाटते ती याच कारणाने.

डोंगरांसाठी थर्मोकोल. २०१८च्या बंदीत सजावटीचं थर्मोकोलही आलं, तेव्हा विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नका. सोसायटीत कोणाकडे फ्रिज किंवा टीव्ही आला की खोक्यातलं पॅकिंग मागून घ्या, ते तसंही कचऱ्यातच जाणार. स्प्रे पेंट थेट मारू नका, त्यातल्या सॉल्व्हंटने थर्मोकोल वितळतं. आधी पुट्टीचा किंवा पाणी घातलेल्या फेविकॉलचा थर द्या. आणि इथे माझा आवडता मुद्दा. युरोपातले लोक थर्मोकोलचे थर एकावर एक चिकटवून त्यांच्या पायऱ्या लपवण्यात तासन्‌तास घालवतात, कारण त्यांच्या टेकड्या गोलसर. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचूनच झालाय. डेक्कन ट्रॅपमधला 'ट्रॅप' हा शब्दच मुळी जिन्याच्या पायरीसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. म्हणजे आपण पायऱ्या लपवायच्याच नाहीत! कडा उभी कापा, वरचा सपाट भाग हिरवा-पिवळा, उभा भाग काळपट. निम्म्या मेहनतीत कडा तयार, तोही भूगर्भशास्त्राला धरून.

गवताला वखारीतला भुसा, चहाच्या गाळणीने चाळून स्टेनरच्या पाण्यात बुडवलेला. उंच वाळक्या गवताला काथ्याची दोरी, दीड सेंटिमीटरचे तुकडे करून. हा रंग मार्चमधल्या माळरानाचा हुबेहूब असतो, द्यावा लागत नाही. बाभळीला ऑफिसच्या भंगारातली लॅन केबल सोला, आत आठ तारा निघतात. पिळा, फांद्या पसरा, जुना स्पंज बारीक करून चिकटवा. (आईच्या चटणीच्या मिक्सरमध्ये नको. खेळ बंद पडायची आणखीही कारणं असतात.) नद्यांना पुठ्ठ्याच्या पट्ट्या, वर व्हार्निशचे दोन-तीन हात. फक्त कृपा करून निळ्या रंगवू नका. पावसाळ्याच्या शेवटी आपल्या नद्या चहाच्या रंगाच्या असतात.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, पण आमच्या वेळेलाही किंमत आहे." आहे ना! मग ताशी दर लावायचाच तर खेळालाही लावा, चार तास फासे टाकण्याचं बिल कोणाच्या नावावर फाडणार? कस्टम्समध्ये अडकलेलं पार्सल ट्रॅक करण्यात जितका वेळ जातो तितक्यात अर्धं असई उभं राहतं. दुसरे थ्रीडी प्रिंटरवाले. त्यांच्याशी माझं फारसं वैर नाही. तोफेचं चाक, कोरीव दरवाजा, मंदिराचं शिखर जरूर छापा. पण टेकडी छापायला रात्रभर मशीन घरघरत ठेवणं म्हणजे 'हॅलो वर्ल्ड'साठी क्लस्टर उभा करणं.

खरं दुःख वेगळंच आहे. ज्या पोराने लहानपणी विटा रचून, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट टाकून, अळीव पेरून किल्ला केलाय, त्याला यातलं काहीच नवीन नाही. महाराज दरवाजापेक्षा तिप्पट उंच असायचे हे सोडलं तर आपण सगळे टेरेनवालेच होतो. आता दिवाळीच्या बाजारात प्लास्टरचा तयार किल्ला मिळतो आणि सोसायटीत टाइल्स खराब होतात म्हणून माती आणायला बंदीची नोटीस लागते. ज्याच्या हाताला दहाव्या वर्षी चिखल लागला नाही, तो पंचविसाव्या वर्षी डोंगर ऑनलाइन मागवणारच. तेव्हा सोसायटीच्या मीटिंगला जा आणि भांडा. माझ्या बिल्डिंगमध्ये पार्किंगचा एक कोपरा मिळालाय, खाली प्लॅस्टिक अंथरायच्या अटीवर.

राहता राहिला जागेचा प्रश्न, कारण सगळ्यांकडे वन बीएचके. सहा बाय चार फुटांचं अखंड टेबल करू नका. दोन बाय दोनचे सहा तुकडे करा, कॉटखाली उभे सरकतात. हार्डबोर्ड वापरलात तर मागच्या बाजूलाही फेविकॉलचा हात द्या, नाहीतर पुढची बाजू वाळताना आकसते आणि बोर्ड पापडासारखा वाकतो. पुठ्ठ्याच्या घरांना आतूनही व्हार्निश मारा, आणि नव्या बुटांच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या फेकू नका. जुलैत असईला बुरशी लागते.