अंगावर काढलेल्या तापाची नोंद कोण ठेवणार?

२०२१ साली पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात कोरोनाची लस टोचली जाऊ लागली, तेव्हा पाळी सुटल्यावर सर्वत्र एकाच विषयाची चर्चा असे. एकाचा नुसता दंड दुखला, दुसरा रात्रभर थंडी-तापाने फणफणला, तिसऱ्याला काहीच झाले नाही. म्हणून त्याला लसीचीच शंका आली. वस्तुतः तिघांचेही अनुभव खरे होते. कोविशिल्डच्या चाचण्यांतच दिसले होते की, ताप, अंगदुखी, डोकेदुखी हे त्रास पहिल्या मात्रेनंतर अधिक आणि ज्येष्ठांपेक्षा तरुणांना अधिक होतात. ताप आला नाही म्हणजे लस वाया गेली, असेही नव्हे.

परंतु या साध्या सत्याची दोन टोकांकडून ओढाताण झाली. एका टोकाला प्रत्येक आजार आणि प्रत्येक मृत्यू लसीच्या माथी मारणारे. चाचण्यांत ज्यांना लसीऐवजी निरुपद्रवी द्रव टोचला होता, त्यांच्यापैकीही सुमारे ३५ टक्के लोकांनी पहिल्या मात्रेनंतर डोकेदुखी, थकवा अशा तक्रारी सांगितल्या होत्या, हे २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून समोर आले. नंतर घडले म्हणून त्यामुळेच घडले, हा तर्क नव्हे!

दुसऱ्या टोकाला, प्रत्येक तक्रारीला अडाणीपणा म्हणणारे शहाणे. रक्तात गुठळ्या होऊन प्लेटलेट्स घटण्याचा विकार या लसीमुळे अत्यंत विरळा का होईना, होऊ शकतो, हे युरोपातील औषध नियामकांनी एप्रिल २०२१ मध्येच सांगितले होते. २०२४ साली ॲस्ट्राझेनेकाने ब्रिटनच्या न्यायालयात ते मान्य केले, तेव्हा आपल्याकडे घबराट पसरली. आधीच मोकळेपणाने सांगितले असते, तर ही वेळ आली असती काय?

पुण्याच्या हडपसरमधील सीरम इन्स्टिट्यूटची लस जगभर गेली, याचा अभिमान जरूर बाळगावा. पण अभिमान म्हणजे तक्रारींकडे डोळेझाक नव्हे. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे लसीकरण धोरण अवाजवी न ठरवताही कोणावर लसीची सक्ती करता येणार नाही, असे स्पष्ट केले. आणि दुष्परिणामांची नोंद सामान्य नागरिकाला व खासगी डॉक्टरलाही करता यावी, अशी व्यवस्था करण्यास सांगितले.

मात्र ज्याचा एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, असा कंत्राटी कामगार ताप अंगावर काढूनच कामावर जातो. त्याच्या तापाची नोंद ना हजेरीपटात, ना आरोग्यखात्यात. म्हणूनच यापुढे कारखान्यात लसीकरण होईल, तेव्हा दुसऱ्या दिवशीची भरपगारी रजा कंत्राटी कामगारालाही मिळाली पाहिजे. आणि वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांनी त्रास झालेल्याला आरोग्यकेंद्रापर्यंत नेऊन त्याची तक्रार लिहून घेतली जाईल, हे पाहिले पाहिजे. समाजाचा विश्वास जाहिरातीने मिळत नाही. तो मिळतो ऐकून घेण्याने.