पोट फुसहात दुखत नाही

उर्दू शिकवणाऱ्या माणसाला अरबी येतेच, असा आपल्याकडे सरसकट समज आहे. याच समजापायी काही वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयातून मला बोलावणे आले. येमेनहून एक वृद्ध गृहस्थ उपचारांसाठी आले होते, सोबत मोडकेतोडके इंग्रजी बोलणारा मुलगा. दुभाषी त्या दिवशी आला नव्हता. पोटाच्या तक्रारींची अरबीत छापलेली प्रश्नावली माझ्या हाती देऊन सांगण्यात आले, "सर, एवढी भरून घ्या."

'इम्साक' हा शब्द पाहिला आणि मला वाटले, रोजाविषयी विचारले आहे. रमजानच्या वेळापत्रकाला अरब लोक इम्साकियाच म्हणतात ना! पण इथे इम्साक म्हणजे बद्धकोष्ठ. आपण उर्दूत ज्याला कब्ज म्हणतो तो. कब्जही मुळात अरबीच. माझी फजिती इथपर्यंत हसण्यावारी नेता आली असती. पुढचा प्रश्न होता 'हुर्कतुल फुआद'चा. फुआद म्हणजे हृदय. मी वाचून दाखवले, बाबांनी मान हलवली. मुलगा म्हणाला, हृदयाची तपासणी झाली आहे, तिथे काही नाही. मी 'त्रास नाही' या चौकटीत खूण केली. मग मुलालाच काय वाटले कोण जाणे, त्याने विचारले, "हुमूदा?" बाबांनी लगेच छातीपासून घशापर्यंत हात फिरवला. रोज रात्री!

मित्रहो, तर्जुमा चुकीचा नव्हता. वैद्यकीय अरबीत जळजळीला हुर्कतुल फुआद म्हणतातच. चूक ही, की तो तर्जुमा डॉक्टराने डॉक्टरासाठी केलेला होता.

हा प्रसंग सांगितला तेव्हा आमचे एक मौलाना मित्र म्हणाले, "कुरआनची जबान सगळ्या अरबांची एक. बोलीचे खूळ कशाला?" त्यांचा आदर राखून सांगतो, फुसहा, म्हणजे ग्रंथातली, खुत्ब्यातली, वर्तमानपत्रातली अरबी, ही घरात कोणत्याही अरबाची बोली नाही. चार्ल्स फर्ग्युसन या भाषाशास्त्रज्ञाने १९५९ साली एका समाजातल्या अशा दुहेरी भाषेवर निबंध लिहिला, त्यात अरबी हे ठळक उदाहरण होते. आणि फर्ग्युसन तरी कशाला? आपल्या घरात कोकणी किंवा दखनी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी. आपली नानी दवाखान्यात जाऊन 'तबखीर' म्हणते का? ती 'गॅस झाला' म्हणते.

या प्रकारच्या प्रश्नावल्यांत स्वीडनमधली १९८८ सालची 'गॅस्ट्रोइंटेस्टायनल सिम्प्टम रेटिंग स्केल' फार चालते. १५ प्रश्न: जळजळ, पोटदुखी, अपचन, जुलाब, बद्धकोष्ठ. मुळात ती मुलाखतीसाठी होती, डॉक्टर विचारणार, रुग्ण बोलणार. पुढे ती रुग्णाने स्वतः भरायची झाली, उत्तराला सात पायऱ्या आल्या. 'किरकोळ' आणि 'सौम्य' या त्यातल्या दोन वेगळ्या पायऱ्या! अरबीत 'बसीत' आणि 'खफीफ' लिहून मोकळे होता येते, पण दोन्हींचा अर्थ म्हाताऱ्या माणसाला 'थोडेसे' एवढाच लागणार.

बी.एड.ला मूल्यमापनाच्या तासाला आम्हाला सप्रमाणता शिकवली होती. भूगोलाचा पेपर मुलाला भाषेमुळे सोडवता आला नाही, तर तो भूगोलाचा पेपरच नव्हे. प्रश्नावल्यांच्या रूपांतराची शिस्तशीर पद्धत आहे, नाही असे नाही. दोघांनी स्वतंत्र तर्जुमा करायचा, मूळ न पाहिलेल्यांनी तो उलट फिरवायचा, समितीने जुळवायचा, मग ३०-४० रुग्णांपुढे ठेवून त्यांना काय कळले ते विचारायचे. पण उलट तर्जुमा करणाराही शिकलेलाच असतो. हुर्कतुल फुआद त्याच्याकडून इंग्रजीत बिनचूक परत येईल आणि समिती खूश! खरी कसोटी शेवटच्या पायरीची, आणि तीच उरकली जाते. वर क्रॉनबाखचा अल्फा ०.७च्या पुढे गेला की काम फत्ते मानतात. अहो, सगळ्यांनी एकाच तऱ्हेने गैरसमज करून घेतला तरी तो आकडा चांगलाच येईल.

आणि शब्दांपलीकडचे काय? 'वारा सरण्याचा त्रास झाला का?' हा प्रश्न स्वीडनमध्ये अपचनाच्या सदरात बसतो. नमाजी माणसाचा त्याने वुजू तुटतो. दिवसातून पाच वेळा ज्याला याची धास्ती आहे, तो कोणत्या पायरीवर खूण करील? की मुलासमोर शरमेने 'अजिबात नाही' म्हणेल? शौचाचे प्रश्न एखाद्या आईला तिच्या मुलाच्या तोंडून विचारले जातात, तेव्हा ती उत्तरे कोणत्या अल्फाने मोजणार?

म्हणून फुसहाचा अभिमान मशिदीत, मदरशात जरूर बाळगावा. रुग्णापुढच्या कागदावर कंसात का होईना, कैरोचा, सनाचा, बगदादचा चालता शब्द हवा, आणि तो हमालाला, शेतकऱ्याला, न शिकलेल्या बाईला विचारून घेतलेला हवा.

त्या दिवशी मी ती खूण खोडली, दुसऱ्या चौकटीत केली आणि शेजारी अरबीत 'हुमूदा' लिहिले. कागद परत आला. छापील अर्जावर बाहेरचा शब्द लिहायचा नाही, नवा भरून द्या, असा निरोप होता.