मामंजींच्या माघारी



पितृपंधरवडा आला की घराघरांतून खिरीचा, वड्यांचा वास सुटतो. पान वाढून आपण कावळ्याची वाट बघत बसतो. आमच्या दिघाशीकडे याच दिवसांत हळवे भात निसवलेले असते. गेलेल्या माणसाचे पान आणि त्याने राखलेले शेत, दोन्ही एकदमच डोळ्यांपुढे येतात.

आईबापांची आठवण लेक मोकळेपणी काढते. सासूवर तर जात्यावर ओव्याही झाल्या. सासरा बिचारा ओटीवरच राहिला! सुनेने त्यांच्याविषयी बोलायची आपल्याकडे रीतच नाही. म्हणून आज त्यांच्याविषयी चार शब्द.

माझे मामंजी जाऊन दोन पावसाळे झाले. माणूस अबोल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला आवणी येत होती, शेती येत नव्हती. पहिल्याच पावसात त्यांनी मला बांधाबांधाने फिरवले. कोणत्या खाचरात पाणी ठरते, कोणते दोन दिवसांत आटते, कोणत्या बांधाला खेकडे भोके पाडतात, सारे दाखवले. राब भाजण्यापासून बी निवडण्यापर्यंत मला सोबत घेतले. १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे सोडायचे, तरंगेल ते पोचट काढून टाकायचे, तळाशी राहील ते दोनतीनदा चांगल्या पाण्याने धुऊन सावलीत सुकवायचे, हे मी त्यांच्याच हाताखाली शिकले. म्हणायचे, "पोरी, घरात एकालाच ठाऊक असून चालत नाही."

सुनेला कामाला लावणारे सासरे पुष्कळ असतात. कारभार शिकवणारे थोडे. याचा मोठा दाखला आपल्या इतिहासात आहे. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात खंडेराव होळकर पडले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या, तेव्हा मल्हाररावांनी त्यांना थांबवले. नुसते थांबवून ते गप्प बसले नाहीत. महसुलाचे हिशेब त्यांच्या हाती दिले, मोहिमेवरून पत्रे धाडून तोफा-दारूगोळ्याची कामेही सोपवली. १७६६ साली मल्हारराव आलमपूरला वारले. पुढच्याच वर्षी नातू मालेरावही गेला. दौलत आता बुडणार, असे अनेकांना वाटले असेल. पण अहिल्याबाईंनी ती १७९५ पर्यंत, म्हणजे २८ वर्षे सांभाळली. आलमपूरला त्यांनी सासऱ्यांची छत्री बांधली. पण मला विचाराल तर खरी छत्री म्हणजे तो २८ वर्षांचा कारभार.

आता आपल्या घरात या. ज्या सुनेचा नवरा आधीच गेला, तिला सासऱ्यांचाच आधार असतो. ते गेले की तेराव्यापर्यंत सारे गोड बोलतात, मग कागद पुढे येतात. भिवंडीच्या आसपास गोदामे उभी राहिली, जमिनीला भाव आला, तसे नात्यांचेही मोल होऊ लागले. "वहिनी, इथे एक सही करा" म्हणत हक्कसोडाचा कागद पुढे सरकतो आणि रडून थकलेली बाई न वाचता सही करते.

म्हणून हे ध्यानात ठेवा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर सासऱ्यांच्या मिळकतीत त्यांची पत्नी, मुलगे आणि मुली यांच्याबरोबर आधी वारलेल्या मुलाची विधवाही पहिल्या वर्गाची वारस असते. त्या मुलाच्या वाट्याला जे आले असते, ते ती आणि तिची मुले मिळून घेतात. ही कोणाची मेहेरबानी नव्हे. वारसाची खबर तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, तीन महिन्यांच्या आत द्यावी. सातबारावर आपले नाव चढले का, ते डोळ्यांनी पाहावे. कोणताही कागद शहाण्या माणसाकडून वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. दुःखाच्या दिवसांत तर मुळीच नाही.

सुनेने हिशेब विचारला म्हणजे गेलेल्या माणसाचा अपमान झाला, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या. ज्या सासऱ्याने सुनेवर विश्वास टाकला, त्याच्या माघारी तिचे नाव कागदावरून पुसले जाणे, हाच त्याचा अपमान.

आणि ज्यांचे सासरे हयात आहेत त्यांनी या पंधरवड्यात एवढे करावे. संध्याकाळी ओटीवर त्यांच्यापाशी घटकाभर बसावे. बी कुठून आणले, बांध कोणाच्या हद्दीत, विहिरीत कोणाचा किती वाटा, हे विचारून वहीत लिहून ठेवावे. वडे-खीर मागाहून आहेच. जिवंतपणी विचारलेला शब्द त्यांना जास्त गोड लागेल.

तुमच्या मामंजींनी तुम्हाला काय शिकवले? पत्र टाकून जरूर कळवा.